श्रवणभक्तीचा पहिला पाठ घरात

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस श्रींची प्राणप्रतिष्ठा होते आणि घराघरांतून आरतीचा गजर सुरू होतो. त्या वेळी घरातील सर्वांत धाकटे मूल कोठे उभे असते, याकडे वाचकांनी यंदा अवश्य लक्ष द्यावे. ते मखराच्या अगदी समोर असते, त्याच्या हाती झांज असते आणि ती झांज बहुधा एक मात्रा मागे वाजत असते. कोणी त्यास रागावत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती झांज आपोआप ठेक्यावर येते. गौरी आल्या म्हणजे रात्री आयाबहिणींचे झिम्मा-फुगडीचे फेर रंगतात आणि आजीच्या मांडीवर पेंगुळलेली नात गाणी ऐकता ऐकताच झोपी जाते. हे संगीताचे शिक्षण आहे, असे तेव्हा कोणाच्या मनातही येत नाही.

पंचाईत पुढे होते. मुलास स्वतःची आवड फुटते आणि ती आपल्या आवडीशी जुळत नाही. संगीताची गोडी असलेल्या आईबापांस हा प्रसंग विशेष जड जातो. इतरांस त्यात केवळ गोंगाट ऐकू येतो. त्यांना मात्र आपल्या ठेव्याचा अव्हेर झाल्यासारखे वाटते.

आमचे बालपण वारणानगरात गेले. वारणाकाठच्या या माळावर तात्यासाहेब कोरे यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात सहकारी साखर कारखाना उभा केला, १९६८ मध्ये दूध संघ आला, शाळा-महाविद्यालये आली आणि कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळे लावणारी एक नवी वसाहत नांदू लागली. आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, त्याच कारखान्यात नोकरीस होते. पगार बेताचा, परंतु घरी एक चावीचा ग्रामोफोन, पंचवीस-तीस तबकड्या आणि एक रेडिओ होता. तबकड्यांचे कपाट कुलुपात असे आणि किल्ली आबांच्या जानव्यास. शनिवारी रात्री आकाशवाणीवरून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागे. त्या वेळी आम्हां भावंडांस रेडिओसमोर मांडी घालून बसावे लागे. जांभई देण्यास मनाई होती. सिनेमाची गाणी या घरात लागत नसत. विविध भारतीचा काटा कोठे असतो हे आम्हांस ठाऊक होते, पण तेथवर हात नेण्याची छाती नव्हती.

आबांचा हा कायदा त्यांचा एकट्याचा नव्हता. १९५२ मध्ये नभोवाणी खाते हाती घेतलेले डॉ. बा. वि. केसकर यांनी साऱ्या देशासाठी असाच कायदा केला होता. शास्त्रीय संगीताचा साप्ताहिक राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात, त्याच वर्षी सुरू झाला, आणि त्याबद्दल ऐकणाऱ्यांच्या पिढ्या त्यांच्या ऋणी आहेत. परंतु चित्रपटगीते सरकारी केंद्रांवरून जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम काय झाला? लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथून बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारच्या रात्री आठ वाजता गावेच्या गावे रेडिओभोवती जमू लागली. अखेरीस ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला स्वतःच विविध भारती सुरू करावी लागली. देशाच्या मंत्र्यास जे साधले नाही, ते आमच्या आबांस कसे साधावे?

आमचा थोरला भाऊ, दादा, बुधवारी ‘अभ्यासाला जातो’ म्हणून कोडोलीस जाई आणि तेथील एका चहाच्या हॉटेलाच्या बाकावर गीतमाला ऐके. एके बुधवारी आबा अवचित तेथे पोचले. मारले नाही, आबा मारणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी महिनाभर रेडिओवर फडके बांधून ठेवले आणि शनिवारच्या बैठकीस दादाने यायचे नाही, अशी शिक्षा सुनावली. शिक्षेची मुदत संपली, तरी दादा पुन्हा त्या बैठकीस आला नाही. आबांनी बोलावले नाही. घरात या गोष्टीची वाच्यता कधी झाली नाही.

पुढे अनेक वर्षांनी आबा अंथरुणास खिळले. एका सायंकाळी त्यांनी क्षीण आवाजात दादास अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली तबकडी लावण्यास सांगितले. कपाट उघडे होते. दादा बराच वेळ त्यासमोर उभा राहिला. त्या तबकड्यांवरची धूळ त्याने वर्षानुवर्षे पुसली होती. त्यांतील झिंझोटी कोणती, हे त्यास सांगता येईना. आम्ही उठलो आणि लावली. तबकडीच्या एका बाजूस साडेतीन मिनिटेही पुरती होत नाहीत. तेवढा वेळ आबांनी डोळे मिटून घेतले होते आणि दादा पाठमोरा खिडकीशी उभा होता.

याच खाँसाहेबांची तबकडी गदगच्या एका शाळामास्तरांच्या मुलाने दुकानात वाजताना ऐकली आणि त्या ध्यासाने लहान वयात घर सोडले. तो मुलगा पुढे पंडित भीमसेन जोशी झाला. पहा, कान उघडला तो दुकानाच्या फळीपाशी! आमच्या दादाच्या हॉटेलातील बाकावरही कोणास ठाऊक काय काय उघडले असते.

नवविधा भक्तीत श्रवणास पहिले स्थान आहे. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आरंभच श्रवणभक्तीने केला आहे. आमची समजूत अशी होती की, तेथे काय ऐकावे आणि काय वर्ज्य मानावे याची यादी असेल. पुढे तो समास नीट वाचला तेव्हा आम्ही चकित झालो. समर्थ ऐकण्याच्या नाना विषयांची लांबलचक गणना करतात आणि शेवटी हे सारेच ऐकण्यास सांगतात. मात्र ऐकल्यावर सार शोधून घ्यावे आणि असार ते ओळखून टाकावे, यास ते श्रवणभक्ती म्हणतात. ओळखून टाकावयाचे, तर आधी ऐकावयास हवे! समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक वारणानगरच्या शेजारी पारगावी आहे. आबा तेथे शनिवारी दर्शनास जात, आणि त्याच रात्री आम्हांस रेडिओसमोर बसवीत. समर्थांची आरती रोज म्हणणाऱ्या आमच्या घरात हा समास कोणीच मनावर घेतला नव्हता.

वारणानगरचे नाव संगीताच्या संबंधात निघाले म्हणजे बालवाद्यवृंदाची आठवण होणे अपरिहार्य आहे. तात्यासाहेबांच्या प्रेरणेने उभा राहिलेला हा मुलांचा वाद्यवृंद. ऊसकरी शेतकऱ्यांची आणि कामगारांची मुले, ज्यांच्या घरी टाळ-मृदंगापलीकडे वाद्य आले नव्हते अशीही, देशी-विदेशी वाद्ये हाती घेऊन एका ठेक्यावर बसू लागली. साखरेच्या पोत्यांचा आणि दुधाच्या कॅनांचा हिशेब करणाऱ्या माणसास मुलांच्या कानांचाही विचार सुचावा, याचे आम्हांस आजही नवल वाटते. त्या मुलांचे आईबाप मुलांस ऐकावयास येत. येथे मुलेच आईबापांस ऐकण्यास शिकवीत होती! तालमीचे सूर कानी पडले की घरी परतणारे आबा सायकलवरून उतरून उभे राहत. सूर कोणत्या गाण्याचे आहेत, याची चौकशी ते करीत नसत.

एकत्र ऐकण्याचे मराठी घरांनी अनुभवलेले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे गीतरामायण. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्याचा आरंभ झाला आणि पुढे वर्षभर, आठवड्यास एक याप्रमाणे ५६ गीते प्रसारित झाली. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. अनेक घरांतून रेडिओस हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई, आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे त्याभोवती बसत. कोणासही सक्तीने बसवावे लागले नाही. मुले रामकथेसाठी बसत, थोरांतील जाणकार रागांसाठी, आणि दोघांचेही ऐकणे एकाच वेळी होई.

फडके मूळ कोल्हापूरचे. आबांच्या तोंडी त्यांचे नाव आदराने येई. परंतु त्याच फडक्यांनी १९६१ मध्ये ‘भाभी की चूडियाँ’ या हिंदी चित्रपटास संगीत दिले, आणि त्यातील भूपाच्या अंगाने जाणारे लताबाईंचे प्रभातगीत देशभर गाजले. ते गीत लिहिणारे पंडित नरेंद्र शर्मा हे विविध भारतीचे आद्य सूत्रधार. म्हणजे भूप आमच्या घराच्या दाराशी आला होता. सिनेमाचा म्हणून त्यास आत घेतले गेले नाही.

आबांची ही चूक आम्हांस पुरती कळली होती, असे आम्ही समजत होतो. आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची कन्या तेव्हा नववीत होती. गणपतीचे दिवस होते. सायंकाळी आरती झाल्यावर आम्ही किशोरीताईंचा भूप लावून सर्वांस बसण्यास सांगितले, आणि पाहतो तो कन्येच्या कानांत बोंडे घातलेली! आम्ही तिच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि कपाटात ठेवून किल्ली फिरवली. सौभाग्यवती निरांजन विसळीत होत्या. त्या वळूनही न पाहता म्हणाल्या, “आबांचं कपाट पुन्हा उघडलंत वाटतं.”

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. सकाळी मोबाइल परत केला आणि कन्येस विचारले, “काल काय ऐकत होतीस? मलाही ऐकव.” तिने संशयाने पाहिले. “बाबा, तुम्हांला नाही आवडणार.” आवडले नाहीच. पहिली चार गाणी आम्हांस एकसारखी वाटली, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. पाचव्यात एक बासरी होती. “ही बासरी पुन्हा लाव,” असे आम्ही म्हणताच तिचा चेहरा बदलला. त्या दिवसापासून आमच्यात एक रिवाज पडला: एक गाणे तिचे, एक आमचे. आमचे पहिले गाणे म्हणून आम्ही ‘भाभी की चूडियाँ’मधील ते प्रभातगीत लावले. दिवाळीपर्यंत त्याच वाटेने आम्ही किशोरीताईंच्या भूपापर्यंत पोचलो. तेथे ती पाच मिनिटे बसली. पुढच्या वर्षी अर्धा तास.

येथे कोणी विचारील की, किशोरीताईंच्या मातोश्री मोगूबाई कुर्डीकर तर विलक्षण कडक होत्या, मग त्याचे काय? रास्त प्रश्न आहे. मोगूबाई एखादी तान दोनदा गाऊन दाखवीत, तिसऱ्यांदा नाही, असे किशोरीताईच सांगत. १९६४च्या ‘गीत गाया पत्थरों ने’साठी कन्येने पार्श्वगायन केले, तेही त्यांना रुचले नव्हते. परंतु मोगूबाई कन्येस गायिका घडवीत होत्या. आपणांपैकी बहुतेकांस केवळ ऐकणारा घडवायचा असतो, आणि ऐकणारा धाकाने घडत नाही. शिवाय अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या या माऊलीने कन्येस भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडे आणि आग्र्याच्या अन्वर हुसेन खाँकडेही शिकू दिले. म्हणजे कडकपणातही दारे उघडी होती.

आवडीनिवडीत ढवळाढवळ नको, परंतु आवाजाच्या पातळीबाबत मात्र आम्ही आजही कठोर आहोत. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुचविलेली मर्यादा ७५ डेसिबलची, तीही आठवड्यास ४० तासांची आहे. कानांतील बोंडे आणि मंडपातील ध्वनिक्षेपकांच्या भिंती दोन्ही ती सहज ओलांडतात. तान्ह्या मुलास खांद्यावर घेऊन त्या भिंतींपुढे नाचणारे बाप दिसले म्हणजे आम्हांस राहवत नाही. कान गेले, तर भूपही गेला आणि आरतीही गेली.

असो. कन्या आता पुण्यास नोकरीस आहे आणि चतुर्थीस न चुकता घरी येते. दादा इचलकरंजीहून येतो. गेल्या वर्षी आरतीपूर्वी तिने आपल्या मोबाइलवर ते प्रभातगीत लावले. दादा मोदकांच्या साच्याशी खटपट करीत होता, तो थांबला. “हे तर कोडोलीच्या हॉटेलात लागायचं. शाळेत जाताना,” तो म्हणाला. ती काही बोलली नाही. ते संपताच तिने किशोरीताईंचा भूप लावला. दादा उठेल असे आम्हांस वाटले. तो बसून राहिला. आरतीस वीस मिनिटे उशीर झाला आणि सौभाग्यवतींनीही घाई केली नाही.

जाताना त्याने कपाटावरचा आबांचा ग्रामोफोन खाली काढला. त्याची कमान कित्येक वर्षांपूर्वीच तुटली आहे. तो फडक्यात बांधून दादाने इचलकरंजीस नेला. तेथे एका म्हाताऱ्या कारागिराचा पत्ता त्यास लागला आहे म्हणे. परवा त्याचा फोन आला होता. कमान बसली, आता सुया कोठे मिळतील, असे विचारत होता.