मरणारी पेशी काय निरोप देते? कॅन्सरचा इलाज अर्ध्यावर सोडू नका

नातेपुते : ‘किमोनं कॅन्सर आणखी पसरतो’ ही भीती आपल्याकडे अनेक घरांत असते. त्यामागचं विज्ञान आपण समजून घेऊया.

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. खराब झालेल्या पेशीला आतूनच मरण्याचा संदेश मिळतो. या शिस्तीच्या मरणाला १९७२ मध्ये शास्त्रज्ञांनी ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिलं. कॅन्सरची पेशी मात्र हा संदेश जुमानत नाही. अनेक कॅन्सरमध्ये तो देणारा पी-५३ जीनच बिघडलेला असतो. किमो आणि रेडिएशन अशा पेशीला मरायला भाग पाडतात.

पण पेशी मरतानाही आजूबाजूला परिणाम करते. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरचे डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या टीमने उंदरांवर प्रयोग केले. मरणाऱ्या पेशींतून डीएनए आणि प्रथिनांचे बारीक कण सुटतात, ते निरोगी पेशींत शिरून त्यांना बिघडवू शकतात, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यावर रेझवेराट्रॉल आणि तांबे यांची गोळी त्यांनी सुचवली. २०२४ मध्ये तिच्या बातम्या सगळीकडे फिरल्या.

म्हणून किमो बंद करायची का? मुळीच नाही. इलाज अर्धवट सोडला तर वाचलेल्या पेशी पुन्हा वाढतात. ही गोळी किमोला पर्याय नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नका.

आपल्याच सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर लपवू नका, लवकर दाखवा. घेतलेला इलाज पूर्ण करा.