सावली पडली की चित्र उमटतं

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिके'चे खेळ सुरू केले. काचांवर हातानं रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडानं पडद्यावर टाकायची, काचा झरझर बदलून पात्रं हलवायची आणि सोबत मराठीत संवाद म्हणायचे. लुमिएर बंधूंची चित्रफीत मुंबईत आली ती त्यानंतर, ७ जुलै १८९६ रोजी. तेव्हा शहरांच्या रस्त्यांवर, इमारतींवर खेळणारी आजची प्रकाशचित्रं कुणाला परदेशी खूळ वाटत असतील, तर १८९२ हे साल त्यांना सांगावं.

पटवर्धनांचे प्रेक्षक मात्र बसून खेळ पाहत. आता येणारा-जाणाराच चित्रात शिरतो. राफाएल लोझानो-हेमर या कलावंतानं २००१ मध्ये रॉटरडॅमच्या एका चौकात रस्त्यांवरच्या माणसांची छायाचित्रं भल्यामोठ्या भिंतीवर टाकली आणि जमिनीवरच्या प्रखर दिव्यांनी ती पुसूनही टाकली! कुणी दिव्यासमोरून गेलं की त्याची सावली भिंतीवर पडे आणि त्या सावलीत हरवलेला चेहरा उमटे. सावल्या २ ते २५ मीटर उंच. सगळे चेहरे एकदम उमटले की पुढचा संच येई. त्यासाठी अनोळखी माणसांना एकमेकांशी जुळवून घ्यावं लागे. माझ्या मते खरी कला तिथेच होती.

आता अशा कामात बहुधा अवरक्त कॅमेरा वापरतात. प्रोजेक्टरचा उजेड त्याला दिसत नाही, म्हणून चित्र आणि माणूस यांची गल्लत होत नाही. माणसाची आकृती संगणकाकडे जाते आणि तो तत्क्षणी चित्र बदलतो. २०१० मध्ये व्हिडिओ गेमसाठी आलेल्या कायनेक्ट या कॅमेऱ्यामुळे हे तंत्र हौशी पोरांच्याही हाती आलं. इमारत मोठी असेल तर वीस-वीस हजार ल्युमेनचे प्रोजेक्टर लागतात आणि खर्च तिथेच फुगतो.

तेलंगणात गोळकोंड्याचा प्रकाश-ध्वनी खेळ आहे, पण तो तिकीट काढून बघायचा; येणारा-जाणारा त्यात शिरत नाही.

तेलंगणातल्याच आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसीसारख्या गावाला एवढा थाट नको. चुना लावलेली दहा-बारा फुटांची भिंत, साधा प्रोजेक्टर, कॅमेरा, लॅपटॉप आणि थोडा वेळ बंद ठेवलेला रस्त्याचा दिवा, इतकं पुरे. जागा मात्र वाहनांच्या वाटेपासून दूर हवी, कारण उजेडानं चालकाचे डोळे दिपतात. गणेश मंडळांनी यंदा डीजेच्या पैशांतून एवढं करून पाहावं.