वरच्या घरातला आवाज

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि मग बोलणं निघालं बीडला खोली करून राहणाऱ्यांचं. आता प्रत्येक गटात अशा दोघी-चौघी आहेतच. लेकरांच्या अकरावी-बारावीसाठी बीडला, अंबाजोगाईला, माजलगावला अपार्टमेंटमध्ये दोन खोल्या भाड्यानं घ्यायच्या. नवरा शेतावर, आई लेकरांपाशी. आम्ही त्यांना विचारलं, तिथं सगळ्यात जड काय जातं? वाटलं, पाणी म्हणतील. तिघींनी एकच सांगितलं, वरच्यांचा आवाज.

त्यातल्या एकीची लेक बारावीला. रात्री दहा वाजले की डोक्यावर घर्रर्र सुरू व्हायचं. थांबायचं, पोरगी पुस्तक उघडायची, की पुन्हा घर्रर्र. साडेबारापर्यंत हेच. पंधरा दिवस सोसलं आणि एका रात्री आमच्या मैत्रिणीनं झाडूच्या दांड्यानं छताला ठोकलं. वरून कुणीतरी पाय आपटला. झालं! त्या दिवसापासून जिन्यात तोंडं फिरवली. घरमालकाला सांगावं तर तो म्हणेल, पटत नसेल तर खोली सोडा. अनामत रक्कम अडकलेली आणि परीक्षा दोन महिन्यांवर.

आता हा आवाज एवढा का त्रास देतो, ते आधी समजून घेऊ. गावातल्या जुन्या घराच्या भिंती मातीच्या, चांगल्या जाड. वर लाकूड आणि मातीचं माळवद. माती आवाज पिऊन टाकते. अपार्टमेंटमध्ये एकीची फरशी तेच दुसरीचं छत, आणि स्लॅब, बीम, कॉलम सगळं एकमेकांत ओतलेलं. बोलण्याचा आवाज हवेतून येतो, दार-खिडकी लावली की बराचसा अडतो. पण खलबत्ता, ओढलेली खुर्ची, जमिनीवर ठेवलेलं शिलाई मशीन यांचा हादरा सरळ स्लॅबमध्ये उतरतो आणि खालच्या घरात डोक्यावर बसतो. वरच्या बाईला मात्र तो साधाच वाटतो. कधी तर आवाज वरचा नसतोच, बाजूच्या घरातला स्लॅबमधून फिरून आलेला असतो. म्हणून भांडायला जाण्याआधी जिन्यात उभं राहून नेमका कुठून येतो ते ऐका.

आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर वर गेल्या. रात्री नाही, रविवारी दुपारी चारला. आवाज चालू असताना गेलं की दोघींचंही डोकं तापलेलं असतं. वाटीत शेंगदाण्याची चटणी नेली. दार उघडलं त्या ताई दिवसभर दुकानात कामाला आणि रात्री शाळेचे गणवेश शिवायच्या. वरून त्यांना वाटत होतं, खालची बाई उगाच छत बडवते. आम्ही म्हणलं, "ताई, पाच मिनिटं खाली येऊन बसा, आणि तुमच्या पोराला मशीन चालवायला सांगा." त्या आल्या, अभ्यासाच्या खाटेवर बसल्या. वर मशीन सुरू झालं. "अगं बाई, हे असं ऐकू येतं?" एवढंच म्हणाल्या.

उपाय फार साधा निघाला. जुन्या वाकळेची चौपदरी घडी आणि तिच्यावर टायरच्या रबराचे तुकडे, असं मशीनच्या पायांखाली घातलं. मशीन पोरीच्या खाटेवरच्या जागेवरून उचलून स्वयंपाकघराच्या बाजूला नेलं. परीक्षा होईपर्यंत अकराला थांबायचं ठरलं. पण त्या ताईंनी जाता जाता आमच्या मैत्रिणीलाही ऐकवलं, "तुम्ही पहाटे पाचला परातीत भाकरी थापता ना, ओट्याचा ठपठप आवाज आमच्या उशाशी येतो." आता परातीखाली ओलं फडकं असतं. खरं सांगायचं तर हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

वेळ ठरवून घेतली तर लोक पाळतात का, असं आम्हाला एकीनं विचारलं. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे. तिथं २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि घराघरातले टीव्ही, मोबाईल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत पोरांचा अभ्यास. सुरुवातीला पुरुषमंडळी हसली. मग गावानं बायकांची बैठक घेतली, मालिका फार बघतो हे बायकांनी कबूल केलं आणि त्या तयार झाल्या. अंगणवाडीच्या, आशाच्या ताई घरोघर फिरल्या. अख्खं गाव दीड तास पाळतं, तर एका जिन्यातली आठ घरं परीक्षेचे दोन महिने का पाळणार नाहीत?

सगळेच ऐकतात असं नाही. कुणी मोठी साउंड सिस्टीम लावून वर "आमच्या घरात आम्ही काहीही करू" म्हणतो. त्याला कायद्याचं माहीत असू द्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आपलं दोघींचं साधं बोलणंच ६० च्या आसपास असतं, यावरून समजा. बंद घरात गाणी लावायला बंदी नाही, पण त्या घराच्या हद्दीवर आवाज या मर्यादेच्या वर ५ डेसिबलपेक्षा जास्त जाता कामा नये. आणि दहाच्या आधी कितीही वाजवा, असंही कुठं लिहिलेलं नाही.

सोसायटी असेल तर सेक्रेटरीकडे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तारीख, वेळ, कसला आवाज, हे आठवडाभर वहीत टिपून ठेवलं की अर्जाला वजन येतं. एकटीनं सही करू नका, जिन्यातल्या चार घरांच्या घ्या. तरी थांबलं नाही तर पोलीस ठाणं, आणि रात्रीची वेळ असेल तर ११२. नाव कळेल या भीतीनं बायका फोन करत नाहीत. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल दिला. प्रकरण भोंग्यांचं होतं. त्यात न्यायालयानं पोलिसांना बजावलं, तक्रार करणाऱ्याची ओळख विचारत बसू नका, आणि कळलीच तर समोरच्याला सांगू नका. ११२ ला बोलताना हे सांगता येतं.

आता एक वेगळं. २००५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं आवाजाबद्दल मोठा निकाल दिला, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हे त्यात पक्कं झालं. त्या खटल्याची सुरुवात एका तेरा वर्षांच्या मुलीपासून झाली होती. तिच्यावर बलात्कार होत असताना ती ओरडत होती आणि शेजारच्या लाउडस्पीकरमुळे कुणाला ऐकू गेलं नाही. त्याच संध्याकाळी तिनं स्वतःला जाळून घेतलं.

म्हणून कान देताना फरक ओळखा. भांडी आपटणं, पोरांचं धावणं, मशीन, हा संसाराचा आवाज आहे, त्यावर बोलून मार्ग निघतो. बाईचं ओरडणं, काहीतरी आपटल्याचा आवाज आणि मग एकदम शांतता, याची तक्रार "आवाज होतो" म्हणून सोसायटीकडे करायची नसते. तिथं ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ लावायचा. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कुणीही, अगदी शेजारीणही, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि चांगल्या हेतूनं कळवलं तर तिच्यावर खटला होत नाही. फोन लागेपर्यंत दोघी-तिघींनी मिळून बेल वाजवा. मध्ये पडू नका, आत शिरू नका. दार कुणीही उघडलं तरी वाटी पुढं करून साखर मागा. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, तो कामाला गेल्यावर, ती वाटी परत द्यायला जा.