ट्रकच्या आरशांवर दोन काठ्या का?

अमेरिकेतल्या मोठ्या ट्रकच्या दोन्ही आरशांशेजारी अनेकदा एकेक लवचीक काठी डुलताना दिसते. या काठ्या म्हणजे चालकाच्या सीबी रेडिओच्या, म्हणजे इतर चालकांशी बोलायच्या रेडिओच्या, अँटेना. पण एका रेडिओला दोन कशाला?

हा रेडिओ 27 मेगाहर्ट्झवर चालतो. त्याची एक लहर सुमारे 11 मीटर लांब. झोपाळ्याला त्याच्याच तालात झोका दिला तर तो उंच जातो, तसंच अँटेनाचंही आहे. ताल जुळायला लहरीच्या पाव लांबीची, म्हणजे पावणेतीन मीटरची काठी हवी. ट्रकच्या उंचीवर ती पुलांना आपटेल. म्हणून आखूड काठीतच ताल जुळावा यासाठी तांब्याची तार फायबरच्या काठीवर गुंडाळतात.

पुढची अडचण मागच्या ट्रेलरची. हा उंच पत्र्याचा डबा एका बाजूच्या अँटेनाला आडोसा करतो. दोन्हीकडे अँटेना लावून त्यांना एकाच वेळी सारखा संदेश दिला, की एका ठेक्यात वाजणाऱ्या दोन टाळांसारख्या लहरी पुढे-मागे एकमेकींना बळ देतात. बाजूंना थोड्या क्षीण होतात. रस्ता पुढे-मागेच असतो, त्यामुळे हा सौदा मला फार शहाणपणाचा वाटतो.

ट्रकचं धातूचं अंग हा अँटेनाचा उरलेला अर्धा भाग. काठी ज्या पट्टीवर बसवतात तिच्याखाली रंगाचा थर राहिला, तरी त्या धातूशी विजेचा जोड तुटतो. ही तूट रेडिओची ताकद वाढवून भरून काढता येत नाही, कारण नेहमीच्या एएम सीबीला तिथल्या कायद्याने जास्तीत जास्त 4 वॉटचीच मुभा आहे.