माडीवरची रात्रशाळा

पुण्याच्या पेठांतून, मुंबईच्या उपनगरांतून आणि आता तालुक्याच्या गावी एस.टी. स्थानकासमोरही, एखाद्या औषधाच्या दुकानाच्या माडीवर 'इंग्लिश स्पीकिंग' अशी पाटी लावलेली आढळते. आणि दिवेलागणीनंतर, कचेऱ्या सुटल्या व घरचा स्वयंपाक आटोपला म्हणजे, त्या अरुंद जिन्याने संसारी माणसे वह्या घेऊन वर चढू लागतात. आपल्या शिक्षणाच्या इतिहासात या वर्गांची दखल फारशी कोणी घेतलेली नाही. तथापि शाळेने जे काम अर्धवट टाकले ते पुरे करण्याचा भार या खोल्यांनी निमूटपणे उचलला आहे, अशी माझी धारणा पुण्यातल्या अशा एका वर्गात मागच्या बाकावर बसून काही संध्याकाळी घालवल्यानंतर दृढ झाली.

हजेरीपटावरच्या प्रत्येक नावामागे वेगळी निकड होती. रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेला परदेशी इस्पितळातल्या नोकरीसाठी मुलाखत द्यायची होती. बँकेतल्या एका शिपायाला कारकुनाच्या हुद्द्यावर बढती मिळण्याचा संभव होता. मुलाच्या शाळेतील पालकसभेत गप्प बसून परत येणे एका गृहिणीला यापुढे नको होते. आणि ज्यांनी सारी उमर सातबाराच्या नोंदी करण्यात घालवली अशा, महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थांना परदेशी वाढलेल्या नातवाशी बोलायचे होते. यांपैकी कोणालाही इंग्रजीचा गंध नव्हता असे नाही. दुकानावरची पाटी, औषधाच्या बाटलीवरची सूचना, अर्जाचा छापील नमुना हे सारे त्यांना वाचता येत होते. अडत होते ते केवळ बोलण्यापाशी.

याचे कारण आपल्या अध्यापनाच्या परंपरेत आहे. एकोणिसाव्या शतकापासून मराठी माणूस इंग्रजी शिकला तो मुख्यत्वे भाषांतराच्या वाटेने. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'ने कित्येक पिढ्यांचा व्याकरणाचा पाया पक्का केला, हे ऋण कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या पद्धतीत डोळा आणि हात यांना जितके वळण लागते तितके कान आणि जीभ यांना लागत नाही. पुढे भरगच्च तुकड्यांत, लेखी परीक्षेच्या धाकाखाली, एकेका मुलाला बोलते करण्यास अवसरच उरला नाही. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवण्यास २००० साली आरंभ झाला. त्याआधी मराठी शाळांतून बाहेर पडलेल्यांना ती भाषा पाचवीत, आणि एके काळी तर आठवीत भेटली, आणि तीही परीक्षेचा एक विषय म्हणून.

माडीवरच्या त्या वर्गाचा आरंभ मात्र प्रश्नोत्तरांनी होई. बँकेतल्या शिपायाने एकदा शिकवणाऱ्या बाईंनाच विचारले, "व्हेअर यू वर्क?" मराठीत 'तुम्ही कुठे काम करता' हे वाक्य प्रश्नाला पुरते, त्यासाठी दुसऱ्या कोणा क्रियापदाचे साहाय्य घ्यावे लागत नाही, सबब इंग्रजीतला 'डू' आमच्या माणसाच्या तोंडून हटकून निसटतो. बाईंनी चूक दाखवली नाही, फळ्याकडेही त्या वळल्या नाहीत. "व्हेअर डू आय वर्क? आय वर्क हिअर," असे उत्तर देऊन त्यांनी तोच प्रश्न परिचारिकेला केला, तिने तो शेजारणीला केला, आणि असा फिरत फिरत तो पुन्हा शिपायापाशी आला तेव्हा 'डू' त्याच्या तोंडी आपसूक आला होता.

उच्चारांच्या बाबतीत मात्र बाई काटेकोर होत्या. आपला 'व' इंग्रजीतल्या दोन ध्वनींचे काम एकटा करतो. त्यांतला भेद ऐकून चटकन ध्यानात येत नाही, म्हणून एक हातआरसा बाकाबाकांवरून फिरे आणि 'व्हेस्ट' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो, तर 'वेस्ट' म्हणताना दोन्ही ओठांचा चंबू होतो, हे जो तो आपल्या डोळ्यांनी पाही. 'फोटोग्राफ'मध्ये आघात पहिल्या अवयवावर आणि 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, हे पेन्सिलीने मेजावर ठोका देऊन सांगितले जाई. मराठीत आघाताने शब्द ओळखावा लागत नसल्यामुळे या ठोक्याची सवय कानाला मुद्दाम लावावी लागते.

तरीही या वर्गाची खरी विद्या मला एका निराळ्या प्रसंगी उमगली. प्रत्येकाने आपल्या नोकरीविषयी चार वाक्ये बोलावीत असा पाठ होता. निवृत्त गृहस्थ उभे राहिले, आणि बराच वेळ त्यांना शब्द सापडेना. बाईंनी शब्द पुरवला नाही. वर्गही थांबून राहिला. अखेर ते म्हणाले, "आय रोट लँड रेकॉर्ड्स. थर्टी इयर्स. नो मिस्टेक." व्याकरणाच्या दृष्टीने त्यात दुरुस्तीला भरपूर वाव होता, आणि इतर वेळी ती झालीही असती, परंतु एका माणसाने आयुष्यभराच्या चोख कामाचा हिशेब परक्या भाषेत प्रथमच चारचौघांत मांडला होता, हे ओळखून बाई इतकेच म्हणाल्या, "थँक यू, काका." प्रौढ विद्यार्थी घरात आणि कचेरीत मानाची जागा सोडून येथे अडखळायला येतो, त्याची चूक केव्हा सुधारावी आणि केव्हा तशीच राहू द्यावी, याचा विवेक हाच अशा अध्यापनाचा प्राण होय.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात श्रमिकांसाठी रात्रीची शाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्यालाही विद्येचा हक्क आहे या निष्ठेने. ज्या भाषेवाचून आज नोकरी, उच्च न्यायालय आणि मोठे इस्पितळ यांच्या दारात माणूस संकोचून उभा राहतो, ती बोलण्याची संधी फी परवडणाऱ्यांपुरतीच राहावी हे त्या निष्ठेशी विसंगत आहे. नगरपालिकांच्या शाळांतील वर्गखोल्यांना सायंकाळी कुलपे लागतात; त्यांत नाममात्र फीवर असे वर्ग भरवावेत, एका वर्गात मोजकीच माणसे घ्यावीत, आणि शिकवणाऱ्याची निवड करताना त्याच्या उच्चारांइतकीच त्याच्या धीराचीही परीक्षा पाहावी.