अँटिऑक्सिडंट गोळ्या आणि आपल्या परसांतील भाजीपाला

शरीराची झीज थांबवितात, म्हातारपण लांबवितात, कर्करोगास दूर ठेवितात, अशा जाहिरातींच्या ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्या हल्लीं तालुक्याच्या औषधी दुकानांतही मिळूं लागल्या आहेत. भाजीची पाटी बाजारांत विकून परततांना असल्या गोळ्यांची बाटली घेऊन येणारे शेतकरी बंधू आमच्या पाहण्यांत आहेत. यास्तव या गोळ्यांविषयीं शास्त्राचा अनुभव काय आहे, हें थोडक्यांत सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

चिरलेलें वांगें उघडें राहिलें म्हणजे काळें पडतें, जुनें शेंगदाण्याचें तेल खवट होतें, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. हा हवेंतील प्राणवायूचा परिणाम होय. शरीरांतही प्राणवायूच्या योगें अन्नाचें ज्वलन होत असतां ‘मुक्त मूलक’ नांवाचे अस्थिर कण उत्पन्न होतात व ते पेशींस इजा करूं शकतात. त्यांस आवर घालणारीं जीं द्रव्यें, तींच अँटिऑक्सिडंट. क आणि ई हीं जीवनसत्त्वें व गाजरास रंग देणारें बीटा-कॅरोटीन हीं त्यांपैकीं प्रमुख होत. कांहीं द्रव्यें शरीर स्वतःही तयार करितें. मात्र हे कण सर्वस्वीं शत्रूच आहेत असें नाहीं. रक्तांतील पांढऱ्या पेशी रोगजंतूंस मारण्याकरितां त्यांचाच उपयोग करितात.

भाजीपाला व फळें भरपूर खाणाऱ्या लोकांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असें शास्त्रज्ञांस दिसून आलें होतें. तेव्हां भाजींतील एखादें द्रव्य वेगळें काढून गोळीच्या रूपानें दिल्यास तोच लाभ होईल, असा तर्क निघाला. त्याची कसोटी १९८५ ते १९९३ या काळांत फिनलंड देशांत २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर पाहण्यांत आली. १९९४ सालीं निकाल प्रसिद्ध झाला, तो उलटाच! रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग शेंकडा १८ नें अधिक आढळला. अमेरिकेंतही अशीच एक चाचणी, अपाय दिसूं लागल्यामुळें, १९९६ सालीं मुदतीपूर्वीं थांबवावी लागली. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेची परीक्षा तेथेंच ३५,००० हून अधिक पुरुषांवर झाली. तींत पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग शेंकडा १७ नें वाढल्याचें २०११ सालीं जाहीर झालें.

या गोळ्या सर्वथा निरुपयोगी आहेत, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. वार्धक्यांत डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग झिजण्याचा जो विकार होतो, त्याच्या मधल्या अवस्थेंत ठराविक जीवनसत्त्वें व जस्त यांच्या मिश्रणानें विकाराची वाढ मंदावते, असें २००१ सालच्या अमेरिकन चाचणींत सिद्ध झालें. परंतु तो नेत्रवैद्याच्या सल्ल्यानें करावयाचा उपचार आहे. निरोग्याचें टॉनिक नव्हे.

मग भाजीनें जें साधतें तें गोळीनें कां साधत नाहीं? भाजींत एकच द्रव्य नसतें. अनेक द्रव्यें, तंतु व क्षार अल्प प्रमाणांत एकत्र नांदतात. त्यांपैकीं एकच उचलून त्याची मात्रा कित्येक पट वाढविणें, म्हणजे पिकास सर्व खतें सोडून केवळ युरिया पोतींच्या पोतीं घालण्यासारखें आहे.

यास्तव आमचें सांगणें इतकेंच. आवळा, पेरू, शेवग्याचा पाला, माठ, लाल भोपळा हीं आपल्याच बांधावर व परसांत होतात. त्यांतील चांगला वांटा प्रथम घरच्या मुलांमाणसांकरितां ठेवावा, मग उरलेला बाजारांत न्यावा. पालेभाजी थोड्या तेलांत परतावी, म्हणजे तींतील कॅरोटीन अंगीं लागतें. आवळा व पेरू ताजेच खावे, कारण शिजविल्यानें क जीवनसत्त्व बरेंच नष्ट होतें. विडी ओढणाऱ्यांनीं तर बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांपासून दूरच राहावें. विडी न सोडतां गोळीच्या भरंवशावर राहणें म्हणजे बांध फुटला असतां मोट हांकीत बसणें होय!