निवडीवर आधारित प्रौढ दृश्य-कादंबरीतील घटनासातत्य : स्वरूप, अडचणी व उपाय

प्रास्ताविक

पार्श्वचित्र, पात्रांच्या आकृती, संगीत आणि पडद्याच्या तळाशी क्रमाक्रमाने उमटणारा मजकूर यांच्या साहाय्याने संगणकावर सांगितली जाणारी कथा म्हणजे दृश्य-कादंबरी होय. हा प्रकार प्रामुख्याने जपानमध्ये विकसित झाला. चुनसॉफ्ट या संस्थेने १९९२ मध्ये 'ओतोगिरिसोऊ' व १९९४ मध्ये 'कामाइताची नो योरू' या कृती 'साउंड नॉव्हेल' या नावाने प्रसिद्ध केल्या. 'व्हिज्युअल नॉव्हेल' ही संज्ञा लीफ या संस्थेने १९९६ पासून आपल्या मालिकेसाठी वापरली व तीच पुढे रूढ झाली. ही मालिका मुळात प्रौढांसाठीच्या बाजारपेठेतील होती, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. या प्रकाराची बरीचशी तंत्रे याच बाजारपेठेत घडली आणि त्याचे काही दोषही तेथूनच आले. मराठी समीक्षेत या प्रकाराची दखल क्वचितच घेतली जाते. तथापि कथानक म्हणजे काय, हा जुना प्रश्न येथे अगदी नव्या रूपात उभा राहतो.

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये गोष्ट आणि कथानक यांत केलेला भेद सर्वपरिचित आहे. गोष्टीत घटना एकामागून एक येतात, तर कथानकात त्या कार्यकारणभावाने बांधलेल्या असतात. छापील कादंबरीत घटनांचा क्रम स्थिर असल्याने लेखक हे बंधन एकदाच विणतो. निवडीवर आधारित कृतीत मात्र एखाद्या घटनेपूर्वी नेमके काय घडले असेल, हे लेखकाला निश्चितपणे ठाऊक नसते. त्यामुळे कार्यकारणभाव वाक्यांइतकाच घटना उघडण्याच्या अटींमध्येही वसतो.

सातत्य कोठे तुटते

अनेक प्रौढ दृश्य-कादंबऱ्यांत जवळिकीचा प्रसंग हे वाचकाला मिळणारे बक्षीस असते. त्यासाठी स्वतंत्र चित्र काढलेले असते, आणि तो उघडण्याची अट बहुधा एका संख्येवर, म्हणजे 'स्नेहगुणां'वर अवलंबून असते. उदाहरणादाखल, एका कार्यालयातील पस्तिशी ओलांडलेले दोन सहकारी कल्पावेत. त्यांच्यात एका बढतीवरून कडाक्याचे भांडण होते व पाच गुण वजा होतात. पुढे वाचक दोन भेटवस्तू देतो, एकदा जेवणाचे निमंत्रण स्वीकारतो, आणि गुण वीस होताच जवळिकीचा प्रसंग उघडतो. भांडणाचा त्यात उल्लेखही नसतो, कारण हा प्रसंग लिहिताना ते झाले असेल की नाही, हे लेखकाला ठाऊक नव्हते. संख्या 'किती' ते सांगते, 'कशामुळे' ते सांगत नाही. परिणामी पात्राची संमतीसुद्धा त्याच्या मनातून न येता हिशेबातून आल्यासारखी भासते. प्रौढ विषयाच्या कृतीत हा दोष केवळ तांत्रिक म्हणून सोडून देता येत नाही.

त्याहून ठळक तुटलेपण नंतरच्या सकाळी दिसते. तीच पात्रे कार्यालयात भेटतात आणि पहिल्या दिवसाचेच ठरावीक संवाद बोलू लागतात. येथे भाषेचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. जपानीत आडनावाला 'सान' लावून हाक मारणे सोडून नुसत्या नावाने हाक मारणे, हा नात्यातील टप्पा मानला जातो. मराठीत तर 'अहो' कडून 'अरे' कडे जाताना केवळ संबोधन नव्हे, तर क्रियापदेही बदलतात. 'बसा' चे 'बस' होते. मराठीत अशी कृती लिहिणाऱ्यास हा बदल एका प्रसंगात करून थांबता येणार नाही, पुढील प्रत्येक संवाद त्यानुसार तपासावा लागेल.

उपायांची दिशा

पहिला उपाय म्हणजे एका संख्येऐवजी तथ्यांची नोंद ठेवणे. भांडण झाले का, ते मिटले का, कोणी मिटवले, या तीन नोंदी वीस गुणांपेक्षा अधिक सांगतात. अशा नोंदींनी काम बेसुमार वाढेल, ही शंका रास्त आहे. दहा ठिकाणी प्रत्येकी दोन पर्याय दिले व शाखा कधीच एकत्र आणल्या नाहीत, तर १,०२४ मार्ग तयार होतात. म्हणूनच शाखा फुटून पुन्हा एका घटनेत मिळाव्यात, अशी रचना बहुतेक लेखक पत्करतात. सॅम काबो अ‍ॅशवेल यांनी २०१५ मध्ये निवडीवर आधारित कृतींच्या रचनांचे जे वर्गीकरण केले, त्यात या रचनेला स्वतंत्र स्थान आहे. होय-नाही स्वरूपाच्या तीन नोंदी पुढे नेल्यास आठ स्थिती संभवतात. पण त्यासाठी संपूर्ण प्रसंग आठ वेळा लिहावा लागत नाही. प्रवेशाची दोन-तीन वाक्ये, मध्ये एखादा उल्लेख आणि निरोपाचा सूर एवढे बदलले तरी वाचकाला आपली निवड स्मरणात ठेवली गेल्याचे जाणवते.

काही कृतींनी क्रमच बांधून टाकला. 'फेट/स्टे नाइट' (२००४) मधील तीन मार्ग ठरलेल्या क्रमानेच उघडतात. त्यामुळे वाचकाला आधी काय ठाऊक आहे, हे लेखकाला माहीत असते. 'यू-नो' (१९९६) मध्ये शाखांमधून मागे-पुढे जाणे हेच कथेतील उपकरणाचे कार्य बनविले आहे. ही युक्ती चतुर असली तरी प्रत्येक कथेला ती मानवणार नाही.

दुसरा उपाय दुवा-प्रसंगांचा. दोन मोठ्या घटनांमध्ये चित्राचा खर्च नसलेला लहानसा प्रसंग, उदाहरणार्थ चहाच्या वेळचे अवघडलेले मौन, घातल्यास काळ व मनःस्थिती दोन्ही पुढे सरकतात. खर्चाच्या हिशेबात हेच प्रसंग सर्वप्रथम गाळले जातात, हे दुर्दैवाचे आहे.

तंत्राची बाजू थोडक्यात पाहता येईल. २००४ पासून उपलब्ध असलेले व पायथन भाषेवर उभे असलेले रेनपाय हे साधन या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. अनेक कृती भागाभागाने प्रसिद्ध होतात, आणि वाचक जुन्या भागात जतन केलेल्या स्थितीतून नवा भाग सुरू करतो. नव्याने जोडलेली नोंद त्या जुन्या स्थितीत नसते. रेनपायमधील 'डिफॉल्ट' ही आज्ञा अशा वेळी तिला आरंभमूल्य देते. मात्र ते मूल्य 'नाही' असे ठेवले आणि वाचकाने ती गोष्ट आधीच्या भागात प्रत्यक्ष केलेली असली, तर आज्ञावली बिनतक्रार चालते आणि कथा खोटी पडते. साधनातील 'लिंट' ही तपासणी लेखनातील तांत्रिक चुका दाखविते. असा विसंवाद तिच्या कक्षेबाहेरचा आहे. त्यासाठी माणसानेच प्रतिकूल मार्ग मुद्दाम निवडून वाचावे लागते : भांडण करावे, ते मिटवू नये, आणि तरीही पुढचे दार उघडते का ते पाहावे.

प्रौढ प्रसंगाची कसोटी वगळण्यातूनही घेता येते. जपानमध्ये संगणकावरील अनेक प्रौढ दृश्य-कादंबऱ्या पुढे कन्सोलसाठी आणताना असे प्रसंग काढून टाकण्यात आले. प्रसंग काढल्यावर पुढील एकही वाक्य बदलावे लागले नाही, तर तो कथानकात कधी नव्हताच, असे म्हणावे लागते. जेथे पर्यायी प्रसंग लिहावा लागतो, तेथे निदान एक तरी कारण त्या प्रसंगावर उभे होते.